भिंतीतला पिंपळ

तळेगाव दाभाडे स्थानकावर उतरून चाकणच्या रस्त्याला लागले म्हणजे थोड्याच वेळात वराळे हे गाव लागते. मावळातील इतर गावांप्रमाणे एके काळी केवळ शेताभाताचे असलेले हे गाव आज कारखाने, शिक्षणसंस्था आणि रोज उठणाऱ्या नव्या इमारती यांच्या शेजारात येऊन पडले आहे. रस्त्याने जाणाराच्या दृष्टीस भरतात त्या या नव्या इमारती. परंतु वराळ्यास चार दिवस मुक्काम ठेवून, खांद्यास कॅमेरा अडकवून, जो कोणी तेथून पूर्वेस इंदोरीपर्यंत आणि पश्चिमेस बोरघाटापर्यंत हिंडून येईल, त्यास निराळ्याच इमारतींची एक मालिका पाहावयास मिळेल. या इमारती मनुष्याने सोडून दिलेल्या आहेत आणि झाडाझुडपांनी त्या ताब्यात घेतल्या आहेत, किंवा घेत आहेत.

अशा पडक्या वास्तूंची छायाचित्रे काढण्याचा छंद अलीकडे तरुण मंडळींत पुष्कळच पसरला आहे, आणि त्यात नवल नाही. कोसळलेल्या दिंडीतून आत शिरलेला उन्हाचा कवडसा, ओवरीच्या खांबाला बिलगलेली वेल, जेथे कधी काळी पंगती उठल्या त्या चौकात गुडघाभर माजलेला तेरडा, हे सारे पाहणाराच्या मनास चटका लावणारे असते. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी अशी चित्रे चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेली असतील, त्यांना ती आवडली म्हणून कोणी दोष देणार नाही. प्रश्न आहे तो एवढाच, की ते चित्र नेमके कशाचे आहे? पाहणारा म्हणतो, भूतकाळाचे. वास्तविक पाहता ते एका चालू असलेल्या कामाचे चित्र आहे. भिंत स्वस्थ उभी आहे, असे चित्रात दिसते. प्रत्यक्षात ती स्वस्थ नसते.

घर सोडले गेल्यापासून ते जमीनदोस्त होईपर्यंतचा क्रम मावळात बहुधा ठरलेला आहे. प्रथम जाते ते छप्पर. एक कौल सरकते. घरात माणूस असता तर ते पाडव्यानंतर कौले चाळताना सहज जागेवर बसले असते. ते बसत नाही. त्या फटीतून एक पावसाळा वाशावर गळतो, दुसरा कडीपाटावर गळतो, आणि तुळईचे भिंतीत रुतलेले टोक कुजून गेले म्हणजे माडीचा तो भाग खाली बसतो. आता भिंतीचा माथा उघडा पडला. खालचे जोते घडीव दगडाचे असते, त्यास पावसाची फारशी पर्वा नसते. पण वर विटा असतात, आणि गरिबाच्या घरात त्या कच्च्या असून मातीत रचलेल्या असतात. अशी भिंत पाण्याने अक्षरशः विरघळते. पक्क्या विटेची व चुन्याची भिंत असेल तर ती तग धरते. मात्र तिच्या माथ्यावर शेवाळ येते, शेवाळात धूळ अडकते, धुळीत नेचे आणि गवत उगवते, आणि एवढी सिद्धता झाली म्हणजे मैना किंवा बुलबुल तेथे येऊन बसतो.

पिंपळाचे, वडाचे अथवा उंबराचे फळ खाऊन आलेला हा पक्षी जे बी टाकून जातो ते आकाराने मोहरीहूनही लहान असते. त्यास माती लागत नाही म्हटले तरी चालेल. चुन्याच्या सांध्यात जी ओल टिकून असते तेवढ्यावर त्याचे भागते. पहिल्या वर्षी त्याला चारदोन पाने फुटतात, आणि मूळ दोऱ्याएवढे बारीक असते. हा दोरा सांध्यासांध्यातून खाली ओल शोधीत जातो. जुन्या जाड भिंतीची रचना अशी, की बाहेरच्या व आतल्या अंगास बसविलेले दगड असतात आणि मधल्या पोटात दगडगोटे व चुना किंवा माती यांची भर असते. मूळ एकदा त्या भरीत पोहोचले म्हणजे त्यास कोठार सापडल्यासारखे होते. ते जाड होते. दगड तसूभर बाजूस सरतो. फटीतून पावसाचे पाणी आत जाते. भर फुगते, आणि भिंतीस पोट सुटते. त्यानंतर भिंत किती वर्षे उभी राहील हे कोणत्याही गवंड्यास सांगता येणार नाही, परंतु ती कोणत्या बाजूस पडेल हे मात्र तो बोट करून दाखवील.

येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. भिंत पाडावयास निघालेला पिंपळ मोठा झाला म्हणजे त्याचीच मुळे जाळ्याप्रमाणे दगडांस आवळून धरतात. असे झाड उपटू गेल्यास त्याच्या मिठीतील भिंतही त्याबरोबर खाली येते. म्हणजे रोप असताना जे दोन बोटांनी निघाले असते ते पुढे दहा मजुरांनाही काढता येत नाही, आणि काढता आले तरी काढू नये अशी स्थिती होते. मग फांद्या छाटाव्या, बुंधा हळूहळू मारावा, भिंतीतले मूळ तसेच सुकू द्यावे आणि त्याची जागा चुन्याने भरीत जावी, एवढाच मार्ग उरतो. तो खर्चाचा व चिकाटीचा आहे. शिवाय पिंपळावर कुऱ्हाड घालण्यास गावातील मजूर सहसा राजी होत नाहीत. त्यावरील मुंजाचे भय ज्यांना वाटत नाही त्यांनाही शेजारीपाजारी काय म्हणतील याचे भय असतेच. मुंजाने जितक्या पिंपळांचे रक्षण केले तितक्या भिंती त्याच्या पदरी जमा धरावयास हव्यात!

हे सारे ध्यानात घेऊन छायाचित्रकाराने वराळ्याहून प्रथम इंदोरीस जावे. अंतर फार नाही. शाहू महाराजांनी १७१७ साली ज्यांस सेनापतिपद दिले त्या खंडेराव दाभाडे यांची गढी येथे इंद्रायणीच्या काठी आहे. खंडेराव १७२९ साली वारले. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव १७३१ साली डभईच्या लढाईत बाजीरावांच्या सैन्याशी लढताना पडले. पुढे उमाबाईंनी घराण्याची धुरा वाहिली, परंतु दाभाड्यांचा तो पूर्वीचा दरारा परत आला नाही. गढीचा दरवाजा मात्र अद्याप उभा आहे. खाली घडीव दगड आणि वर विटांचे काम, असे त्याचे स्वरूप आहे. आत कडजाई देवीचे मंदिर असून तेथे लोकांची ये-जा असते. तेव्हा ही वास्तू सर्वस्वी टाकलेली आहे असेही म्हणता येत नाही. देवी वस्तीस राहिली आणि सेनापती गेले, असा प्रकार आपल्याकडील पुष्कळ गढ्यांत दिसून येतो.

हौशी मनुष्य येथे दरवाजासमोर उभा राहून, कॅमेरा वर करून, बुरूज आकाशात झेपावल्यासारखा दिसेल असे चित्र घेतो. चित्र उठावदार येते यात संशय नाही. परंतु कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा आत कलतात, आणि भिंत खरोखर कलली आहे की भिंगाने कलविली, हे पाहणारास कळण्याचा मार्ग राहत नाही. म्हणून जो साक्ष ठेवू इच्छितो त्याने कॅमेरा सपाट धरावा, त्यासाठी मागे सरावे लागले तर मागे सरावे; भिंतीशी एक मीटर लांबीची, काळेपांढरे पट्टे रंगविलेली काठी उभी करावी; आणि आपण जेथे उभे राहिलो ती जागा एखाद्या न हलणाऱ्या दगडावरून मोजून वहीत लिहून ठेवावी. यात शोभेचा भाग काहीच नाही. पण पुढल्या वर्षी त्याच दिवसांत, त्याच घटकेस, त्याच दगडावरून दुसरे चित्र घेतले, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, म्हणजे जी गोष्ट एका चित्रात कधीच दिसत नाही ती एकदम दिसू लागते. माथ्यावरचे रोप वितीचे हातभर झाले आहे काय, सांधा रुंदावला काय, गतवर्षी होता तो दगड कोठे गेला, या प्रश्नांस मग उत्तर मिळते. रोप अद्याप दोन बोटांनी निघण्यासारखे आहे तेवढ्यात कोणास तरी सांगता येते. एका सुंदर चित्राने जे होणार नाही ते दोन साध्या चित्रांनी होते.

ऋतूविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. श्रावणात सर्व काही हिरवे असते आणि हौशी लोकांची झुंबड त्याच वेळी उडते. परंतु त्या दिवसांत भिंत पाल्याआड जाते. साक्षीचे चित्र घ्यावयाचे तर ते दोनदा घ्यावे. एकदा पावसाळा उलटल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, जेव्हा नवी रोपे मोजता येतात. आणि एकदा होळीच्या आसपास, जेव्हा गवत वाळून दगड उघडे पडलेले असतात. रंगीत चित्रात हिरवा रंग इतका पुढे येतो, की सांधे व फटी यांकडे लक्ष जात नाही; काळ्यापांढऱ्यात त्या ठळक दिसतात.

झाडे कोणती आहेत हेही चित्रात टिपून ठेवण्यासारखे असते. ‘निसर्गाने आपली जागा परत घेतली’ असे म्हणण्याची चाल पडली आहे; पण पडक्या वाड्यात जे रान माजते ते पूर्वीचे रान नव्हे. घाणेरी ही मूळची अमेरिकेतील. बागेची शोभा म्हणून ती या देशात आणली गेली, आणि आता तिच्यावाचून मावळात एकही उकिरडा नाही. गाजरगवत, ज्यास लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते पुण्यास १९५५ च्या सुमारास प्रथम आढळले. एखाद्या जुन्या, तारीख न घातलेल्या चित्रात दरवाजापाशी हे गवत दिसले, तर ते चित्र त्यापूर्वीचे नाही असे खुशाल समजावे. वाड्याचा मालक गेला तेव्हा जे शेजारी होते ते परत आले नाहीत, परकेच घुसले.

इंदोरीहून परतून पश्चिमेस निघाले म्हणजे मळवलीच्या दक्षिणेस लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले लागतात. छायाचित्रकारास याहून चांगला धडा दुसरीकडे मिळणार नाही. दोन्ही शेजारी, एकाच पावसात उभे. १८१८ च्या मार्च महिन्यात इंग्रजांनी विसापूर घेतला आणि त्यानंतर लोहगडही त्यांच्या हाती आला. विसापूरचे दरवाजे त्यांनी सुरुंग लावून उडविले. लोहगडचे तसेच ठेवले. याचा परिणाम आज दोनशे वर्षांनंतर डोळ्यांनी दिसतो. लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा या वाटेने मनुष्य वळणावळणाने वर जातो. विसापुरास पायऱ्यांवरून पावसाळ्यात पाण्याचा लोट खाली येतो आणि त्यातून लोक वर चढतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावे जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यात लोहगड आहे, विसापूर नाही. एका डोंगरावरील पिंपळाच्या रोपाकडे आता जगाचे लक्ष राहील आणि समोरच्या डोंगरावरील रोप निवांत वाढेल, असे होऊ द्यावयाचे नसेल तर विसापूरची चित्रे अधिक निघावयास हवीत.

याच वाटेवर कार्ल्याचे लेणे आहे. ते पडके नाही, परंतु सोडलेले आहे खरे. भिक्षू तेथून गेल्यास शतके लोटली. तेथील चैत्यगृहाच्या कमानदार छतास बसविलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. वाड्याची सागवानी तुळई थोड्याच पावसाळ्यांत कुजते आणि लेण्यातील लाकूड वीस शतके टिकते, यात लाकडाचा गुण फार थोडा; डोक्यावर डोंगर असल्यामुळे पाणी आले नाही, एवढेच. भिंतीचा खरा वैरी पिंपळ नसून गळका माथा होय, हे समजण्यास येथवरची पायपीट पुरेशी आहे.

लोणावळ्याच्या पुढे पाऊसमानच बदलते. तळेगावच्या बाजूस पडणाऱ्या पावसाच्या कितीतरी पट पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो, आणि म्हणून येथे सोडलेली वास्तू रानात लवकर गडप होते. बोरघाटातील आगगाडीच्या पहिल्या मार्गाची गोष्ट घ्यावी. पंधरा मैलांहून थोड्या अधिक लांबीच्या या चढणीचे कंत्राट १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले, परंतु येथे आल्यावर थोड्याच आठवड्यांत तो मरण पावला. त्याची विधवा ॲलिस हिने ते काम अंगावर घेऊन जाणत्या इंजिनियरांकरवी पुरे करविले, आणि १८६३ साली घाट वाहतुकीस खुला झाला. या बाईने बांधकाम चालू असतानाची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. त्या काळी काचेवर ओला लेप देऊन तो वाळण्यापूर्वी चित्र घ्यावे लागे आणि काळोखी कोठडी बरोबर न्यावी लागे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दऱ्याखोऱ्यांत हे काम किती कष्टाचे असेल याची कल्पना येते. मुंबईस छायाचित्रणाची मंडळी १८५४ सालीच स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातील एक नामांकित छायाचित्रकार होते. म्हणजे ही कला आपल्याकडे आगगाडीच्या बरोबरीनेच आली.

त्या जुन्या मार्गावर खंडाळ्याच्या अलीकडे गाडी उलटी फिरविण्याचे एक स्थानक होते. डोंगराच्या कडेवर गाडी येऊन थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडीत, आणि ती पाठमोरी होऊन पुढला चढ चढे. १९२९ साली नवे बोगदे खणून मार्ग सरळ केल्यावर या स्थानकाचे काम संपले. ज्या जागी इंजिनांच्या शिट्ट्या घुमत तेथे आता पावसाळ्यात धुके व कारवीचे रान असते. ट्रेडवेलबाईची चित्रे नसती तर ते कडे मनुष्याच्या हातांनी कसे तासले गेले हे कोणास दाखविता आले असते?

याच परिसरात महामार्गावर एक जुना दगडी पूल होता. त्यावरील एका मलमाच्या जाहिरातीवरून त्यास अमृतांजन पूल हे नाव पडले होते. इंग्रजी अमदानीतील हा पूल रहदारीस अडथळा होतो म्हणून एप्रिल २०२० मध्ये, साथीमुळे रस्ता ओस पडला असताना, सुरुंग लावून पाडण्यात आला. त्यापूर्वी त्याखालून लाखो लोक गेले आणि हजारोंनी त्याची चित्रे घेतली असतील. परंतु त्यापैकी बहुतेकांत पुढे उभी असलेली मंडळी स्पष्ट आणि पूल मात्र पुसट, अशी स्थिती असणार.

पडझडीचे सौंदर्य फार आवडू लागले म्हणजे दुरुस्तीची इच्छा मावळते, असा एक आक्षेप या छंदावर घेतात, आणि तो निराधार नाही. पिंपळाने गिळलेली कमान हे चित्रात जे शोभते ते कायम राहावे असे वाटू लागते. उलट बाजूस, दुरुस्ती म्हणून सिमेंट थापून नवे बुरूज उभे करणारे उत्साही लोकही कमी नाहीत. सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली पुरातत्त्व खात्यासाठी जे नियमपुस्तक लिहिले त्यात त्यांचा दंडक असा आहे, की जुन्या वास्तूस नवी करणे हे पहिले कर्तव्य नसून आहे ती राखणे हे आहे. या दोन टोकांच्या मध्ये कसे चालावे याचे उदाहरण कंबोडियातील ता प्रोह्म या देवालयात पाहावयास मिळते. तेथील अजस्र झाडे भिंतींवर बसलेली आहेत, आणि ती जगप्रसिद्ध झाल्यामुळे काढताही येत नाहीत. भारताच्या पुरातत्त्व खात्याचे तज्ज्ञ तेथे जाऊन झाडासही टेका देत आहेत आणि भिंतीसही. इंदोरीस वा विसापुरास तसा खर्च कोण करणार? येथे रोप लहान असतानाच दिसले पाहिजे. आणि ते दिसावे म्हणून दरसालचे चित्र हवे.

हा छंद करणाऱ्यांस दोन गोष्टी बजावणे जरूर आहे. पहिली ही, की पडका वाडा बेवारशी असतो हा समज खोटा आहे. पुष्कळदा त्याचे आठदहा वाटेकरी असतात. एक मुंबईस, एक नागपुरास, एक परदेशी. आणि कोणा एकाने कौल बसविले तर खर्च कोणाच्या नावे मांडावा या वादात कौलच राहून जाते. त्यांपैकी जो गावात असेल त्याची परवानगी घेतल्यावाचून आत पाऊल टाकू नये. कोरीव खांब व महिरपी जेथे अद्याप शाबूत आहेत त्या जागेचा पत्ताही चित्रासोबत गावभर करू नये. जुन्या लाकडाचे गिऱ्हाईक छायाचित्रकाराच्या मागोमाग येते.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. इंदोरीजवळच कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारी, सहलीस आलेल्या लोकांच्या गर्दीने भरलेला असताना कोसळला आणि चार माणसे प्राणास मुकली. पूल धोक्याचा आहे हे ठाऊक नव्हते असे नाही. जुने बांधकाम किती भार सोशील हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही, आणि पावसाळ्यात तर मुळीच नाही. म्हणून चित्र जमिनीवरून घ्यावे. माडीवर, माथ्यावर, पुलावर चढून घेऊ नये. दगडांच्या ढिगात घोणस असते आणि कमानीखाली आग्या मोहोळ, हे मावळच्या पोरासही माहीत असते. शहरातून येणारास ते सांगावे लागते.

आता घेतलेल्या चित्रांचे काय करावयाचे? हल्ली खिशातील फोनच चित्राबरोबर तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांशही नोंदवून ठेवतो, आणि ही सोय ट्रेडवेलबाईस स्वप्नातही मिळाली नसती. परंतु तिच्या काचेवरील चित्रांवरून उठविलेले कागद उरले, आणि गेल्या वर्षीच्या फोनमधील चित्रे फोनबरोबर नाहीशी झाली, हा अनुभव घरोघरचा आहे. निवडक चित्रे कागदावर उतरवून घ्यावी. पाठीमागे पेन्सिलीने गाव, वास्तू, दिशा, तारीख आणि काठीची लांबी लिहावी. एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत द्यावी, एक शाळेत. आणि वास्तू महत्त्वाची असेल तर पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारावे. ही संस्था १९१० पासून महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने जमवीत आली आहे. शाळेतील प्रत विशेष उपयोगी पडते. आठवीच्या मुलांस एकदा ती पाठीमागची नोंद वाचून दाखविली आणि काठी हाती दिली, म्हणजे पुढल्या दसऱ्यानंतरच्या रविवारी, सकाळी आठ वाजता, गढीच्या दरवाजासमोरील त्या दगडावर कोण उभे राहणार याची यादी मुले आपणहून करतात.